फॉक्सप्रोची पट्टी नेटवर्क प्रिंटरवर निघेना: बिघाड नेमका कुठं आहे ते कसं हुडकायचं

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींपासून खानापूरच्या पतसंस्थांपर्यंत कुठंही जा, एखादं डॉसमधलं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातलं, सॉफ्टवेअर अजून रोज सकाळी सुरू होतंच. बहुतेक फॉक्सप्रो २.६ मधलं, काही क्लिपरमधलं (डॉसवर असे प्रोग्राम लिहायची ही जुनी साधनं). लिहिणारा माणूस केव्हाच पुण्याला नाहीतर बेंगळुरूला निघून गेलेला असतो, सोर्स कोड कुणाकडं नसतो, पण हिशेब मात्र पैशाला चुकत नाही. म्हणून दुकानदार ते सोडत नाहीत, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. अडतं ते छपाईपाशी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायची पट्टी (त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब) कागदावर काढताना. पूर्वी संगणकाच्या पाठीमागं पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्ट होता, त्यातून जाड केबल थेट डॉट मॅट्रिक्सला, म्हणजे रिबनवर पिना आपटून छापणाऱ्या प्रिंटरला, जायची. आता प्रिंटर यूएसबीचा नाहीतर नेटवर्कचा, आणि नव्या संगणकाला पॅरलल पोर्टच नाही.

मग फोन येतो तो असा: "काल संध्याकाळपर्यंत पट्टी निघत होती ओ, आज निघेना झालीय. शेतकरी दारात थांबलेत." तोवर घरातल्या एखाद्या भाच्यानं ड्रायव्हर (विंडोजला प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) काढून परत घातलेला असतो. विंडोजचं टेस्ट पेज झकास निघतं. पट्टी काही निघत नाही. दोन दिवसांनी आपोआप सुरू होते, पुढच्या आठवड्यात परत बंद.

तर पहिली गोष्ट: ड्रायव्हरला हात लावू नका. डॉसचा प्रोग्राम ड्रायव्हरकडं जातच नाही. कागदावर जे उमटायचं ती अक्षरं आणि प्रिंटरचे कोड तो स्वतः तयार करतो आणि एलपीटी१ नावाच्या दारातून बाहेर ढकलतो. त्या दारामागं केबल आहे, यूएसबी आहे की दुसऱ्या खोलीतला प्रिंटर आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ते दार नेटवर्कवरच्या शेअर केलेल्या प्रिंटरकडं वळवायचं काम विंडोज करतं, नेट यूज या कमांडनं. म्हणजे वाट अशी: फॉक्सप्रो, तिथून एलपीटीचं दार, तिथून शेअरचं नाव, तिथून प्रिंटर ज्याला जोडलाय तो संगणक, आणि शेवटी प्रिंटर. टेस्ट पेज निघालं याचा अर्थ फक्त शेवटचा तुकडा शाबूत आहे. मधले तुकडे वेगळे तपासावे लागतात, आणि वारंवार तुटतात ते मधलेच.

(कमांड खाली उच्चाराप्रमाणं लिहिल्यात. टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीत घालायचे, हे सांगायला नको. उदाहरणासाठी प्रिंटर हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींच्या संगणकाला जोडलाय, त्या संगणकाचं नाव "दिवाणजी" आणि शेअरचं नाव "डीएमपी" धरलंय.)

तपासताना फॉक्सप्रो बंद ठेवा. नोटपॅडमध्ये चार ओळींची एक साधी फाइल करा, ती सी ड्राइव्हवर ठेवा, आणि कमांड प्रॉम्प्टवर ती थेट शेअरला पाठवा: कॉपी /बी टेस्ट.टीएक्सटी \\दिवाणजी\डीएमपी. इथं एलपीटीचा संबंधच येत नाही. चार ओळी उमटल्या तर नेटवर्क, शेअर आणि प्रिंटर तिन्ही ठीक. मग तीच फाइल एलपीटीला: कॉपी /बी टेस्ट.टीएक्सटी एलपीटी१. आधीचं उमटलं आणि हे उमटलं नाही, तर दार वळवलेलंच नाही किंवा वळवलेलं सुटलंय. दोन्ही उमटलं आणि पट्टी तेवढी उमटत नाही, तरच फॉक्सप्रोकडं वळायचं. प्रिंटर लेझर असेल तर एक लक्षात ठेवा, तो पान भरल्याशिवाय किंवा फॉर्म फीड (पान बाहेर सोडायचा कोड) मिळाल्याशिवाय कागद सोडत नाही. चार ओळी त्याच्या पोटात बसून राहतात, दिवा लुकलुकत राहतो आणि आपल्याला वाटतं काही पोचलंच नाही. पॅनेलवरचं पान सोडायचं बटण दाबून बघा.

शेअरपर्यंतच पोचत नसेल

कॉपी करताना एरर ५३ आली तर त्या नावाचा संगणक सापडलेला नाही. ६७ आली तर बहुतेक संगणक सापडला पण त्यावर त्या नावाचं शेअर नाही. ५ म्हणजे परवानगी नाही. हे तीन आकडे पाठ असले की निम्मं काम झालं.

५३ ची कारणं आपल्याकडं ठरलेली आहेत. पहिलं अगदी साधं: दिवाणजी अजून आलेले नाहीत, त्यांचा संगणक बंद आहे, किंवा चालू आहे पण झोपलाय. ज्याला प्रिंटर जोडलाय त्या संगणकाची स्लीप सेटिंग कायमची बंद करा. दुसरं कारण जास्त फसवं आहे. पावसाळ्यात वीज कडाडते, राउटर जळतो, दुकानदार संध्याकाळी नवा आणून लावतो. इंटरनेट चालू होतं, सगळे खूश. पण राउटर बदलला की विंडोजच्या लेखी ते नेटवर्कच नवं, आणि नव्या नेटवर्कला ते "पब्लिक" समजून फाइल आणि प्रिंटर शेअरिंग फायरवॉलमध्ये अडवतं. संगणकाचं नाव तेच, शेअर तेच, पासवर्ड तोच, आणि तरी ५३. प्रिंटरवाल्या संगणकावर नेटवर्कचा प्रकार "प्रायव्हेट" केला की झालं. "काही बदललं नाही ओ, फक्त राउटर नवा घातला" हे वाक्य ऐकलं की मी दुसरं काही न विचारता आधी तिकडंच बघतो.

प्रिंटर स्वतःच नेटवर्कचा असेल, म्हणजे त्यालाच लॅनची वायर लागत असेल, तर दुखणं थोडं निराळं. लाइट जाऊन आली की राउटर आयपी पत्ते नव्यानं वाटतो आणि कालचा पत्ता आज दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलला मिळालेला असतो. "दोन दिवसांनी आपोआप सुरू होतं" याचं गुपित बरेचदा हेच: फिरत फिरत जुना पत्ता परत प्रिंटरकडं येतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राचा स्वतःचा कायमचा क्रमांक) एक आयपी राखून ठेवा. ते जमत नसेल तर प्रिंटरच्या पॅनेलवरून कायमचा आयपी द्या, पण तो राउटर वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा असू द्या. तिथंच असताना विंडोजमध्ये त्या प्रिंटरच्या टीसीपी/आयपी पोर्टची सेटिंग उघडून एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची हालहवाल विचारायची पद्धत) खूण काढून टाका. प्रिंटर चालू असूनही विंडोज त्याला ऑफलाइन म्हणत बसतं, ते बरेचदा या खुणेमुळं.

५ ही एरर हल्ली वाढलीय. संगणकाला पासवर्ड नाही आणि समोरून कुणीही यावं, ही जुनी सवय नवी विंडोज चालवून घेत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आवृत्तीवरही बिनपासवर्डचा पाहुणा मुळातच बंद आहे. प्रिंटरवाल्या संगणकावर फक्त छपाईपुरतं एक वेगळं खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि बाकीच्या संगणकांवरून त्याच खात्यानं जोडा. सावकारांच्या, म्हणजे मालकांच्या, स्वतःच्या खात्याचा पासवर्ड चार टर्मिनलांवर लिहून ठेवायची काही गरज नाही.

आणि एक्सपी. कुणी कितीही नाकं मुरडली तरी ती मशीनं आहेत. एक्सपीला शेअरिंगची फक्त जुनी पद्धत येते, एसएमबी १. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, नव्यानं विंडोज घातली की ती पद्धत सोबत येत नाही. नव्या संगणकावर ती मुद्दाम चालू करा असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नका, त्या पद्धतीतल्या भोकांतूनच २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला होता. त्यापेक्षा असं करा: प्रिंटर नेटवर्कचा असेल तर एक्सपीवरच टीसीपी/आयपी पोर्ट काढून, ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर प्रिंटर थेट जोडा, तो एक्सपीवर स्वतःच्याच नावानं शेअर करा आणि एलपीटी१ स्वतःच्याच शेअरकडं वळवा. दुसऱ्या विंडोजशी बोलायची वेळच येत नाही.

शेअरला जातं, एलपीटीला जात नाही

रोजच्या फोनांतले बहुतेक याच खणात बसतात.

कमांड अशी: नेट यूज एलपीटी१: \\दिवाणजी\डीएमपी /पर्सिस्टंट:येस. एकदा दिली की कायम राहील असं वाटतं, पण ही जोडणी त्या त्या युजरची असते. सकाळी मुलगा बसतो, दुपारी दिवाणजी दुसऱ्या लॉगिननं बसतात, त्यांच्याकडं ती नसते. त्याहून गंमत म्हणजे कमांड प्रॉम्प्ट "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून उघडला आणि तिथं नेट यूज दिलं, तर ती जोडणी साध्या पद्धतीनं उघडलेल्या फॉक्सप्रोला दिसतच नाही. दुरुस्त करायला आलेला माणूस सवयीनं ॲडमिन म्हणून उघडतो, चाचणी करतो, कागद निघतो, तो गाडीला किक मारून जातो, आणि पट्टी परत अडते. नेट यूज साध्या प्रॉम्प्टवरच द्या. साध्या प्रॉम्प्टवर नुसतं "नेट यूज" टाइप केलं की सध्या काय कुठं वळवलंय ते दिसतं. यादीत एलपीटी नसेल तर कारण सापडलं.

दुसरा प्रकार सकाळचा. संगणक लवकर सुरू होतो, राउटर किंवा दिवाणजींचा संगणक उशिरा, जुनी जोडणी जुळत नाही आणि तुटलेल्या अवस्थेत लटकत राहते. नवी द्यायला गेलं की एरर ८५, म्हणजे हे नाव आधीच वापरात आहे. म्हणून पर्सिस्टंटवर विसंबूच नका. एक बॅच फाइल करा: पहिल्या ओळीत नेट यूज एलपीटी१: /डिलीट, दुसरीत वीस-तीस सेकंदांचा टाइमआउट, तिसरीत नवी जोडणी, या वेळी पर्सिस्टंट:नो लावून, आणि चौथीत फॉक्सप्रोचा प्रोग्राम. डेस्कटॉपवरच्या जुन्या आयकॉनची जागा या फाइलला द्या, आयकॉनचं चित्र तेच ठेवा. चित्र बदललं तर फोन येणार, हे नक्की.

संगणकाला खरा पॅरलल पोर्ट असेल तर एलपीटी१ त्याच्याच ताब्यात असतं आणि साध्या युजरला ते वळवता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट निवडायची सोय असेल तर एलपीटी२ घ्या. नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये किंवा बायोसमध्ये तो पोर्ट बंद करा, कुणी वापरत नाही त्याला.

एक खास आपल्याकडचं दुखणं. यूएसबीचा प्रिंटर त्याच संगणकाला लावलेला, तरी एलपीटी वळवण्यासाठी तो शेअर केलेला आणि नेट यूज स्वतःच्याच नावावर दिलेलं. लाइट जाते. संगणक आणि प्रिंटर यूपीएसवर चालू राहतात, नेटवर्कचा स्विच मात्र यूपीएसवर नसतो. स्विच मेला की जुन्या विंडोजला वाटतं नेटवर्कच नाही, आणि हाताशी असलेल्या प्रिंटरकडं जाणारी वाटही बंद. दुकानदार म्हणतो, "प्रिंटर इथं, कॉम्प्युटर इथं, मग नेटवर्कचा काय संबंध ओ?" बरोबर विचारतो तो. उपाय दोन: स्विचचा ॲडॅप्टर यूपीएसला लावा, किंवा विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट लूपबॅक ॲडॅप्टर घाला, म्हणजे वायर नसतानाही एक नेटवर्क कार्ड कायम जिवंत राहतं. पहिला उपाय स्वस्त आणि समजायला सोपा.

कागद येतो, पण भलताच

पट्टी मधेच तुटून पुढच्या ओळीवर जाते, नग एका ओळीत आणि हमाली-तोलाई खालच्या ओळीत, हे चित्र ओळखीचं असेल. ८० कॉलमच्या प्रिंटरवर साध्या अक्षरांत ओळीला ८० अक्षरं बसतात, बारीक अक्षरांत १३७. पट्टीची ओळ १३२ ची असेल तर प्रोग्राम आधी बारीक अक्षरांचा कोड पाठवतो, एप्सन पद्धतीत सीएचआर(१५). हा कोड प्रिंटरला समजला नाही की सगळं विस्कटतं. डॉट मॅट्रिक्सच्या पॅनेलवर इम्युलेशन (प्रिंटरनं कुणाचे कोड समजून घ्यायचे ती सेटिंग) एप्सनवरून आयबीएमवर गेलंय का ते आधी बघा.

प्रिंटर लेझर असेल तर त्याची भाषाच वेगळी, पीसीएल. तिथं बारीक अक्षरांसाठी दुसरा कोड लागतो. एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगं आहे: ईएससी (एस्केपचा कोड) आणि मोठा ई ही जोडी पीसीएलमध्ये सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करते, आणि एप्सनमध्ये तीच जोडी ठळक अक्षरं चालू करते. लेझरसाठी बदललेला प्रोग्राम परत डॉट मॅट्रिक्सवर आणला की अख्खी खतावणी ठळक छापून येते ती यामुळं.

चौकटीच्या रेघांच्या जागी तिरकी अक्षरं येत असतील तर प्रिंटरचं कॅरेक्टर टेबल "इटालिक" वर आहे. पॅनेलवरून ते ग्राफिक्स, पीसी ४३७ करा.

मराठी किंवा कन्नड छापणाऱ्या जुन्या पासबुकांचं प्रकरण याहून अवघड. त्यातली बरीच सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर (भारतीय लिप्यांसाठी संगणकात बसवायचं कार्ड) बेतलेली होती. इस्की या भारतीय लिप्यांच्या सांकेतिक पद्धतीत मराठी "क" आणि कन्नड "ಕ" ला क्रमांक एकच, लिपी तेवढी वेगळी, त्यामुळं सीमाभागातल्या संस्थांना एकाच डेटावर दोन्ही भाषा चालवणं सोयीचं होतं. आता कार्ड गेलं, उरले नुसते क्रमांक, आणि ते प्रिंटरवर रेघा-ठिपके होऊन येतात. नेट यूजनं हे सुटणार नाही. डेटा युनिकोडमध्ये काढून छपाई विंडोजच्या बाजूनं करणं हाच मार्ग, आणि ते काम जाणकाराला द्यावं.

प्रत्येक पट्टीमागं एक कोरं पान येत असेल तर प्रिंटरवाल्या संगणकावर प्रिंटर प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, प्रिंट प्रोसेसर इथं जा. डेटा टाइप "रॉ" पाहिजे. "रॉ (एफएफ अपेंडेड)" असेल तर विंडोज स्वतःच्या मनानं फॉर्म फीड जोडतं. तिथला ड्रायव्हर "जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली" ठेवला तरी पट्टीला चालतं.

उलट, शेवटचं पान प्रोग्राममधून बाहेर पडेपर्यंत येतच नसेल तर काम अजून बंद झालेलं नाही. फॉक्सप्रोमध्ये रिपोर्ट संपल्यावर नुसतं "सेट प्रिंटर टू", पुढं काही न लिहिता, दिलं की ते बंद होऊन प्रिंटरकडं सुटतं. सोर्स कोड असेल तर ती ओळ घाला. नसेल तर रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग जिथं साठवतं तिथं) करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, वॉव या किल्लीखालचा एलपीटी टाइमआउट बघा. मुळात तो १५ सेकंद असतो. तो कमी करताना हात आखडता ठेवा, कारण मोठ्या रिपोर्टमध्ये प्रोग्राम मधेच हिशेब करत थांबला की तेवढ्यात काम तुटतं आणि दुसऱ्या टर्मिनलची पट्टी मधे घुसते.

प्रिंटरच मुका असेल

सगळं तपासलं, टेस्ट पेज निघतं, फाइल शेअरला पाठवली की रांगेत दिसते आणि कागद न येता नाहीशी होते. अशा वेळी प्रिंटरचं मॉडेल बघा. कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० सारखी छोटी लेझर मशीनं आपल्याकडं घरोघरी आहेत. विंडोजच्या कामाला उत्तम, पण पानाचं चित्र संगणकानं बनवून दिलं तरच ती छापतात. नुसती अक्षरं पाठवली तर त्यांना काही कळत नाही. कितीही नेट यूज द्या, निघणार नाही. नवा प्रिंटर घेताना पीसीएल ५ किंवा पीसीएल ६ लिहिलंय का, की फक्त "होस्ट बेस्ड" आहे, हे विचारून घ्या. पट्टीला कार्बन कॉपी लागत असेल तर डॉट मॅट्रिक्सशिवाय गत्यंतर नाही, लेझर दुसऱ्या कागदावर दाबच देत नाही.

संगणक बदलायच्या आधी

६४ बिट विंडोजवर डॉसचे सोळा बिट प्रोग्राम सुरूच होत नाहीत, तिथं एनटीव्हीडीएम (डॉसचे प्रोग्राम चालवणारा विंडोजचा भाग) नाही. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती ही शेवटची, विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा आज ना उद्या व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स यांसारख्या इम्युलेटरकडं (विंडोजच्या आत डॉसचा संगणक उभा करणारा प्रोग्राम) जावं लागणार. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनलेलं, त्यात छपाईची सोय नाही, म्हणून ते घेऊ नका. इम्युलेटरमधलं एलपीटी१ त्याचं स्वतःचं असतं, बाहेरच्या नेट यूजशी त्याला देणंघेणं नाही. छपाई कुठं जायची ते त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहावं लागतं. डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल१ ला "फाइल" दिलं तर पट्टी एका फाइलमध्ये उतरते, आणि ती वर सांगितलेल्या कॉपी /बी नं शेअरला पाठवता येते. "प्रिंटर" दिलं तर एप्सनचे कोड तो स्वतः वाचून पान तयार करतो, त्यामुळं वरची मुकी लेझर मशीनंही कामाला येऊ शकतात.

फक्त एक बघा. एकाच डीबीएफवर (फॉक्सप्रोची डेटा फाइल) दोन-तीन टर्मिनल बसणार असतील तर इम्युलेटरमध्ये रेकॉर्ड लॉकिंग (एकजण नोंद बदलत असताना दुसऱ्याला अडवणं) नीट चालतं का, हे डेटाच्या कॉपीवर आधी तपासा. दोन माणसांना एकाच वेळी एकाच शेतकऱ्याचं खातं उघडायला सांगा, दोघांनाही वेगवेगळी रक्कम टाकू द्या, आणि मग खतावणी काढून बघा काय उरलंय ते.